पाण्याचं माप

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा आहे. कालनिर्णयाचा खिळा. २०२४ च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत रोज रात्री साडेआठला आई त्यावरचं कालनिर्णय काढून ओट्यावर पालथं घालायची आणि मी तिथे आरएल सलाइनची बाटली टांगायचे. खाली सतरंजीवर ठमी, आमची कुत्री. बाटली आधी गरम पाण्याच्या बादलीत बुडवून कोमट केलेली, कारण गार पाणी कातडीखाली शिरलं की ती शहारायची. गुलाबी बुडाची १८ नंबरची सुई. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून वर उचलायची, तिचा छोटा तंबू होतो, त्या तंबूत सुई सारायची. कातडीतून सुई आत जाते तो क्षण बोटांना कळतो, कानांना नाही. मग चाक सोडायचं. २०० मिली, १०-१२ मिनिटं.

पहिल्या दिवशी माझा हात इतका थरथरला की सुई एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. सगळं पाणी सतरंजीवर. ठमीने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि सतरंजी चाटायला लागली.

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "तुझ्या बाबांची शीर तरी कुठे पहिल्या झटक्यात सापडायची!"

आमच्या घरातला हा दुसरा किडनीचा पेशंट.

बाबा बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. मधुमेह जुनाच होता. २०१६ मध्ये डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तास. सुयांचं बाबांना फार काही वाटलं नाही, पथ्याचंही नाही. जड गेलं ते पाणी. डॉक्टरांनी दिवसाला ७०० मिली ठरवून दिलं होतं, आणि त्यात चहा, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं धरायचं. आईने घरातलं स्टीलचं फुलपात्र औषधाच्या बाटलीने मोजलं. २०० मिली भरलं. म्हणजे दिवसाला साडेतीन फुलपात्रं. बाबा लगेच म्हणाले, "हे आपले साडेतीन मुहूर्त." तेव्हापासून तोच शब्द रूढ झाला. "दुसरा मुहूर्त झाला का?" असं विचारत ते मे महिन्याच्या दुपारी पंख्याखाली बसून असायचे. त्या साडेतीनातल्याच थोड्या पाण्याचा बर्फ करून आई त्यांना खडा खडा चघळायला द्यायची. कालनिर्णयाच्या चौकोनात एरवी दुधाचे खाडे लिहायची ती आता वजन लिहायला लागली, डायलिसिसच्या आधीचं आणि नंतरचं.

ठमी तेव्हा चार-पाच वर्षांची. २०१२ च्या पावसाळ्यात बिल्डिंगच्या मीटरच्या खोलीत सापडलेली, पांढरी, एका डोळ्याभोवती काळं. "कुत्रं घरात नको" असं म्हणणारे बाबाच होते, हे सांगायलाच नको. शेवटी शेवटी डायलिसिसहून आले की ती त्यांच्या पलंगाखाली जाऊन पडायची आणि जेवायला हाक मारली तरी हलायची नाही.

बाबा २०१८ मध्ये गेले. त्याबद्दल पुढे लिहीन, जमलं तर.

ठमीचं पाणी वाढलंय हे आधी आईच्या लक्षात आलं, माझ्या नाही. २०२३ ची दिवाळी होती. "हिचं भांडं मी दिवसातून तीनदा भरतेय," ती म्हणाली. मी म्हटलं, उकाडा आहे. आईने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. जिने दोन वर्षं घोट मोजले तिला मी उकाडा सांगत होते. साधा हिशेब मला नंतर कळला: कुत्र्याने दिवसात वजनाच्या किलोमागे १०० मिलीहून जास्त पाणी प्यायलं तर कान टवकारायला हवेत. ठमी १६ किलोची. ती पावणेदोन-दोन लिटर पीत होती आणि रात्री गॅलरीत तळं करत होती, आणि मी तिच्यावर ओरडत होते.

मग एका दवाखान्यात पोट बिघडलंय म्हणून पंधरा दिवस अॅसिडिटीचं औषध झालं. रक्त तपासावं असं त्यांना सुचलं नाही, मलाही नाही. संक्रांतीच्या आठवड्यात तिने सलग तीन दिवस उलट्या केल्या आणि तोंडाला एक वास यायला लागला. हा वास मी ओळखला. सार्वजनिक मुतारीवरून जाताना येतो तसा, पण आतून येणारा. बाबांच्या श्वासाला डायलिसिस सुरू व्हायच्या आधी यायचा.

नव्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "लेप्टोची लस दरवर्षी दिलीय?" मुंबईत किडनी म्हटलं की हा प्रश्न येतोच. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, हा शब्द इथल्या पोरासोरांना पाठ झाला, पण उंदराच्या मुतातून तो कुत्र्यांनाही होतो हे पुष्कळांना ठाऊक नसतं. लस दिलेली होती, तपासणीही निगेटिव्ह आली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायची रक्तातली घाण, ७.१. कुत्र्यांच्या किडनीच्या आजाराचे चार टप्पे मानतात, ५ च्या वर गेलं की चौथा. पाचवा नाही.

तरी आपण आपला गुन्हा शोधत राहतो. मला आठवलं, श्रावणात शेजारच्या काकूंकडे सत्यनारायण होता, प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे होते, द्रोण ठमीने चाटून लख्ख केला होता. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या किडनीला विष असतात, हे मी रात्री दोन वाजता मोबाइलवर वाचलं आणि झोपच उडाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, त्याने होतं ते दोन-चार दिवसांत, अचानक. सोनोग्राफीत हिच्या किडन्या आक्रसलेल्या, कडेने ओबडधोबड दिसताहेत, हे काम वर्षानुवर्षांचं आहे. किडनीचं दोन तृतीयांश काम बंद पडतं तेव्हा कुठे लघवी पातळ व्हायला लागते. तीन चतुर्थांश बंद पडल्यावर क्रिएटिनिन चढतं. दिवाळीत आईने भांडं मोजलं तेव्हाच उशीर झालेला होता. याने माझं समाधान व्हायला हवं होतं. तो द्रोण मात्र अजून डोळ्यांसमोर येतो.

आईला वेगळाच प्रश्न पडला होता. "यांना पाणी बंद, आणि हिला सुईने पाणी? किडनी तीच ना?"

डॉक्टरबाईंनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे दोन टाक्या काढल्या. एका टाकीचा खालचा नळ जाम झालेला, म्हणजे बाबा. वरून ओताल तेवढं आतच साठणार, पायाला सूज, छातीत पाणी. दुसऱ्या टाकीला बुडाशी भोक, म्हणजे ठमी. तिची किडनी पाणी धरूनच ठेवत नाही. घाण मागे राहते आणि पाणी तेवढं वाहून जातं. तोंडाने ती कितीही प्यायली तरी पुरं पडत नाही, म्हणून कातडीखाली भरायचं. "आणि डायलिसिस?" आईने विचारलं. कुत्र्यांचं डायलिसिस असतं, पण ते मुख्यत्वे अचानक बंद पडलेल्या किडनीला थोडे दिवस टेकू द्यायला. इतक्या जुन्या दुखण्यात त्याने फार काही हाती लागत नाही.

आईने तो कागद घडी घालून पोथीत ठेवला.

दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं म्हणून आम्ही तिला परळला नेलं. विक्रोळी ते परळ, आमच्या तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नाही. आईच्या जुन्या नऊवारीची झोळी करून वॉचमनने आणि मी तिला खाली आणलं. रिक्षा सायनपर्यंतच, पुढे टॅक्सी. पहिल्या दोन टॅक्सीवाल्यांनी कुत्रं बघून काच वर केली, तिसऱ्याने मागच्या सीटवर स्वतःचा टॉवेल अंथरला. परळ म्हणजे आजारपणाची पंढरी. माणसांचं केईएम, कॅन्सरचं टाटा, आणि जनावरांचं बैलघोडा. त्या हॉस्पिटलचं पाटीवरचं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांचं, पण टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगावं लागतं. शेजारी १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय कॉलेज. तिथल्या बाकावर एक लंगडणारी शेळी, पिशवीत पोपट, आणि आमच्यासारखीच सलाइनची सुई पायाला चिकटवलेली तीन-चार कुत्री. एकमेकांकडे बघून कोणी भुंकत नव्हतं. मत तेच मिळालं.

मग सुरू झाला गोळ्यांचा दरबार. औषधं बघून आई हसायलाच लागली. रक्तदाबाला अॅम्लोडिपिन, म्हणजे आईचीच गोळी, ठमीला अर्धी. फॉस्फरस बांधून ठेवायला सेव्हेलामर, म्हणजे बाबांची गोळी. "घरात सगळ्यांनी एकाच पत्त्यातून खायचं," ती म्हणाली. केमिस्ट मला विचारायचा, "ताई, आरएलचा अख्खा बॉक्स? पेशंट घरीच अॅडमिट आहे का?" मी हो म्हणायचे. कोण, हे सांगितलं की पुढची पाच मिनिटं प्रवचनात जातात, एवढं मला कळून चुकलं होतं. भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, तू तिच्यासाठी करतेयस की स्वतःसाठी? लांब असलेल्या माणसांना फार अवघड प्रश्न फार सहज सुचतात. मी चिडून फोन ठेवला.

सुईची सवय आम्हा तिघींनाही लागली. बाटली लागली की ठमी आपणहून सतरंजीवर येऊन बसायची. आई तिच्या पुढ्यात बसून नाकाडावरून बोट फिरवायची आणि रामरक्षा म्हणायची, कारण ती म्हणायला आणि २०० मिली जायला साधारण सारखाच वेळ लागतो. पाणी गेलं की खांद्यावर उंटासारखं मदार यायचं. झोपेपर्यंत ते ओघळून पुढच्या एका पायात उतरायचं आणि तो पाय लोडासारखा गुबगुबीत व्हायचा. सकाळी काहीच नाही. रात्रभरात अंगाने ते पिऊन टाकलेलं असायचं. आई सकाळी उठून आधी तो पाय चाचपायची, मग चहा टाकायची. कालनिर्णयाच्या चौकोनात पुन्हा आकडे यायला लागले: २००, २००, उलटी १, २००, जेवली नाही, १५०.

जेवणाची कथा वेगळी. किडनीच्या पेशंट कुत्र्यांसाठी मिळतं ते महागडं खाणं तिने हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. मग भात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, दुधीचा कीस, वरून चमचाभर तूप. पिवळा बलक नाही, कलेजी नाही, हाडं नाहीत, दूध-दही-पनीर नाही, कारण या सगळ्यात फॉस्फरस, आणि तिचा फॉस्फरस दुपटीच्या वर गेलेला. सेव्हेलामर जेवणातच मिसळायचं, कारण अन्नातलाच फॉस्फरस ते धरतं. नुसत्या पोटात गोळी गेली तर वाया. म्हणजे जेवण नाही तर औषधही नाही. पण रक्तात घाण साठली की मळमळ असते, तोंडात फोड येतात. भुकेलेली असून ती ताटलीपाशी जायची, वास घ्यायची आणि तोंड फिरवायची. मळमळ थांबवायची गोळी आधी, मग अर्ध्या तासाने भात. मी हातात वाटी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून गॅलरीत, तिच्यामागे. नामदेवांची गोष्ट लहानपणी ऐकलेली, कुत्रं पोळी घेऊन पळालं आणि ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. नामदेव नशीबवान. त्यांचं कुत्रं पोळी घेऊन पळत होतं.

फेब्रुवारीत क्रिएटिनिन ५.४ वर आलं. त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटायचीच बाकी होते. मग ५.९. मग मार्चअखेर ८.६. दर आकड्याला माझा दिवस चढायचा किंवा पडायचा. ठमीला त्या आकड्यांची काहीच खबर नव्हती. ५.४ च्या दिवशी ती दिवसभर झोपून होती आणि ८.६ च्या दुसऱ्या दिवशी गॅलरीत उन्हात बसून खालच्या मांजरावर चक्क भुंकली. मी आई आणि रिपोर्ट यांच्यामध्ये रिपोर्टवर विश्वास ठेवायचे. आई तिच्या डोळ्यांकडे बघून सांगायची, आज बरी आहे, आज नाही. तिचा अंदाज बहुतेक वेळा माझ्यापेक्षा खरा निघाला.

९ एप्रिलला पाडवा होता. ठमीने दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. मी गुढी उभारून आत आले तर आई जमिनीवर बसलेली, मांडीवर श्रीखंडाची वाटी, आणि ठमी तिच्या बोटावरचं श्रीखंड चाटत होती. हळूहळू, डोळे मिटून.

मी ओरडले. "आई! चक्का आहे तो! फॉस्फरस किती असतो माहितीय तुला?"

आईने बोट मागे घेतलं नाही. "माहितीय," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनाही दिलं नव्हतं मी."

एवढंच बोलली. मी गुढीकडे जाऊन उगाच साखरेची गाठी सरळ करत उभी राहिले. ठमीने बोट पूर्ण साफ केलं, मग दुसरं. त्या दिवशी उलटी झाली नाही. चौकोनात आईने लिहिलं: श्रीखंड २ बोटं.

आता बाबांचं.

शेवटच्या वेळी ते अॅडमिट होते तेव्हा तोंडाने काहीही द्यायचं नाही अशी सूचना होती. रात्री मी त्यांच्याजवळ होते. अकराच्या सुमाराला जागे झाले, ओठ कोरडे पडून पापुद्रे सुटलेले. मला म्हणाले, "आजचा अर्धा राहिलाय." मला कळेना. "मुहूर्त गं. तीन झाले. अर्धा राहिलाय." खरं तर त्या दिवशी एकही झाला नव्हता. मी कॉटच्या पायथ्याची पाटी दाखवली, "बाबा, सकाळी डॉक्टर आले की विचारू." ओला कापूस ओठांवरून फिरवला. ते कापूस चोखायला लागले म्हणून मी तो काढूनही घेतला. नियम पाळला. पहाटे गेले. मी आईला हे सांगितलं तेव्हा तिने काही विचारलं नाही. नंतर कधी विषयही काढला नाही. डॉक्टरांचं चुकलं नव्हतं, ठसका लागून जीव गेला असता, हे मला कळतं.

'कुत्र्याच्या मौतीने मेला' असं आपल्याकडे सहज म्हणतात. ज्याने ही म्हण काढली त्याने एकतर कुत्र्याचं मरण पाहिलं नसेल किंवा माणसाचं.

पाडव्यानंतर ठमीने सतरंजीवर यायचं बंद केलं. मी बाटली टांगली की ती उठून, मागचे पाय फरफटत, बाबांच्या जुन्या पलंगाखाली जायची. दोन दिवस मी तिला ओढून बाहेर काढलं आणि सुई लावली. पाणी जिरेना. मदार सकाळपर्यंत तसंच राहायला लागलं, पाय सुजलेलाच. टाकीचं भोक बुजलं होतं म्हणायचं, आता तिचाही नळ जाम झाला. तिसऱ्या दिवशी आईने कालनिर्णय काढायलाच नकार दिला. खिळ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"पुरे," म्हणाली. "आता तिला पलंगाखालीच राहू दे."

मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी घाई केली नाही. एवढंच विचारलं, दिवसातला किती वेळ ती ठमी असते आणि किती वेळ नुसती पेशंट? मी उत्तर दिलं नाही तरी त्यांना कळलं. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येते म्हणाल्या. आदल्या दिवशी कॉलनीतल्या देवळात जन्माचा पाळणा झाला, सुंठवडा वाटला. रात्री भावाचा फोन आला. प्रश्न काही विचारला नाही, "मोबाइल तिच्या कानाजवळ धर" म्हणाला. मी धरला. तो पलीकडून "ठमाबाई, ठमाबाई" करत राहिला. शेपटीचं टोक दोनदा हललं.

डॉक्टरबाई सहाला आल्या. आम्ही पलंगच उचलून बाजूला सरकवला, तिला हलवलं नाही. त्या सगळं नीट समजावून सांगत होत्या: आधी झोपेचं इंजेक्शन, पाच-दहा मिनिटांत ती गाढ झोपेल, मग पायातल्या शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, तिला काही कळणार नाही. मी मान हलवत होते आणि एक शब्दही डोक्यात शिरत नव्हता. तिचं डोकं माझ्या मांडीवर. तोंड कोरडं, जिभेच्या कडेला फोड. दीड दिवस तिने पाण्याला तोंड लावलं नव्हतं, जिने दिवाळीपासून आमचा पिंप रिकामा केला तिने.

आई आत गेली. फुलपात्राचा आवाज आला, नळाचा नाही, माठाचं झाकण सरकल्याचा. बाहेर येऊन ती गुडघे धरत हळूच खाली बसली.

"डॉक्टर, हे दिलं तर चालेल ना?"

"चालेल आजी. थोडं थोडं."

तेच स्टीलचं फुलपात्र होतं. मी आत डोकावून पाहिलं. अर्धं भरलेलं होतं.

आईने बोटं बुडवून ठमीच्या ओठांच्या कडेला लावली. ठमीने डोळे उघडले नाहीत, पण जीभ बाहेर काढली. एकदा. मग पुन्हा. मग आईने फुलपात्रच तिच्या तोंडाशी तिरकं धरलं, आणि पाणी थोडं आत, थोडं माझ्या मांडीवर, थोडं फरशीवर सांडत राहिलं. डॉक्टरबाई हातात सिरिंज घेऊन थांबल्या. कोणी घाई केली नाही. फुलपात्र रिकामं व्हायला बराच वेळ लागला.